पेटवली की वास गुल! घरच्या सुगंधी मेणबत्तीत माझं नक्की काय चुकतंय?

खुडबुडी

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने घरी सुगंधी मेणबत्त्या करायचा नाद लागलाय. दिसायला बऱ्या होतात. झाकण उघडून नाक खुपसलं तर वासही झकास येतो. पण पेटवली की संपलं. तासभर जळली तरी शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं लागतं, की बाबा रे, ही सुगंधी आहे.

सामान असं : मेणबत्तीसाठीच मिळतो तो जाड काचेचा ग्लास, आतला व्यास ७.५ सेमी. सोया मेण २०० ग्रॅम. लॅव्हेंडरचं फ्रेग्रन्स ऑइल. मेणात बुडवून ठेवलेली तयार सुती वात, खाली पत्र्याची चकती असते ती.

पहिल्या खेपेला तेल १२ ग्रॅम घातलं. वास नाही. दुसऱ्या खेपेला १६ ग्रॅम, तरी नाही. तिसऱ्यांदा वैतागून २४ ग्रॅम ओतलं. दुसऱ्या दिवशी मेणाला घाम फुटल्यासारखे वर तेलाचे थेंब! पेटवली तर ज्योत तडतडते, मधेच मान टाकते. आणि वास? पहिल्या दोघींपेक्षाही कमी.

आता अजून किती तेल घालू? की तेलच भंगार आहे?

उनाडपाखरू

तेल कमी पडतंय. १५ टक्के टाक सरळ. मी हात सैल सोडतो, वास नाही आला तर नाव बदलेन.

कापूसवात

उनाडपाखरू, नाव बदलायची तयारी ठेवा :)

खुडबुडी, आता तेलाची बाटली बंद करून कपाटात ठेव. मेणाला तेल धरून ठेवायची मर्यादा असते. बहुतेक सोया मेणं ८ ते १० टक्क्यांपर्यंत धरतात, नक्की आकडा मेणाच्या पाकिटावर असतो. त्यापलीकडचं तेल मेणात राहत नाही, वर येतं नाहीतर तळाशी उतरतं. तुझे थेंब तेच. शिवाय जास्तीचं तेल वातीत शिरून ती चोंदते, म्हणून तडतड.

एक सांग. सलग तीन-चार तास पेटवल्यावर वितळलेलं मेण काचेपर्यंत पोचतं का? अंदाजपंचे नको, पट्टी लावून मोज.

खुडबुडी

काका, आत्ता मोजलं. नाही पोचत. मधे गोल खड्डा पडतो आणि कडेची भिंत जशीच्या तशी उभी. साडेतीन तासांनी तळं ४.५ सेमी रुंद. वात पाकिटातली सगळ्यात बारीक होती. मला वाटलं बारीक वात म्हणजे हळू जळणार, म्हणजे जास्त दिवस टिकणार.

कापूसवात

सापडला चोर. हिशोब कर : ४.५ आणि ७.५ च्या वर्तुळांची क्षेत्रफळं. ४.५ भागिले ७.५ म्हणजे ०.६, त्याचा वर्ग ०.३६. म्हणजे वरच्या मेणातला जेमतेम ३६ टक्के भाग वितळतोय. बाकीचं तेल त्या भिंतीत कोंडून बसलंय. तू तेल दुप्पट केलंस, पण ते बाहेर पडायची खिडकी तेवढीच ठेवलीस. तिसऱ्या खेपेला तर वात चोंदून ती आणखी लहान झाली.

वात एकदम जाड घेऊ नकोस. एक आकार वरची आणि दोन आकार वरची, अशा दोन्ही करून बघ. आणि हो, पहिल्यांदा पेटवशील तेव्हा तळं काचेच्या जवळ जाईपर्यंत विझवायची नाही. व्यासाच्या दर अडीच सेंटीमीटरला साधारण एक तास धर, तुझ्या ग्लासला तीन तास. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात फुंकर मारली, की पुढेही ती त्याच खड्ड्यात उतरत जाते.

अर्धवट_रसायनी

कापूसवातकाकांना +१. फक्त 'का' तेवढं जोडतो, कारण ते कळलं की पाककृती पाठ करावी लागत नाही.

मेणबत्तीत मेण घन रूपात जळत नाही आणि द्रव रूपातही जळत नाही, जळते ती मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीच्या धाग्यांतून वर चढतं (टिपकागदाला शाई चढते तसं), वर जाऊन त्याची वाफ होते आणि ती पेट घेते. पटत नसेल तर मेणबत्ती फुंकर मारून विझवा आणि जी पांढरी रेघ वर जाते तिला वातीपासून थोडं वर काडी लावा. ज्योत रेघेवरून उडी मारून वातीवर येऊन बसते. मायकल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०च्या नाताळात मुलांपुढे मेणबत्तीवर जी व्याख्यानं दिली, त्यांत हा प्रयोग आहे. मी शाळेत असताना केला होता, तेव्हा भुवई थोडी भाजली. काडी लांब घ्या.

आता वासाचं. वातीतून जे तेल वर जातं ते बरंचसं ज्योतीत जळून जातं. खोलीत पसरतो तो मुख्यतः त्या तळ्याच्या उघड्या पृष्ठभागावरून उडणारा वास. म्हणून तळं किती रुंद आणि किती गरम, यावर सगळा खेळ. तळ्याची खोली ६ ते १२ मिमी असली की ठीक. त्याहून खोल म्हणजे वात जास्तच पेटलीय.

वितळलेली

वाचतेय. मेण किती अंशांना असताना तेल घालायचं, यावर जिथे विचारावं तिथे वेगळं उत्तर मिळतं. एक जण म्हणते ८५, दुसरी म्हणते ६०च्या वर गेलात तर वास उडून जाईल. तेलाच्या बाटलीवर 'फ्लॅश पॉइंट ६५' असं लिहिलंय, म्हणजे ६५च्या आत घालायचं ना?

अर्धवट_रसायनी

फ्लॅश पॉइंट म्हणजे वास उडायचं तापमान नव्हे. त्या तापमानाला तेलावर इतकी वाफ जमते, की ठिणगी दाखवली तर ती भपकन पेटेल. ठिणगी किंवा ज्योत जवळ नसेल तर ६५ला काहीही अघटित घडत नाही. म्हणून तेल घालताना पातेलं गॅसवरून उतरवून लांब न्यायचं.

सोया मेणात तेल साधारण ८० ते ८५ अंशांना घालतात, कारण मेण पूर्ण पातळ असेल तर दोन्ही एकजीव होतात. मेण निवत आलेलं असताना घातलं तर तेलाचे वेगळे कप्पे राहतात. घातल्यावर दोन मिनिटं घड्याळ लावून ढवळायचं, सावकाश. फेटायचं नाही, हवेचे बुडबुडे शिरतात. ओतायचं मात्र थोडं निवल्यावर, ५५ ते ६५च्या दरम्यान. आणि ज्या मेणाच्या पाकिटावर वेगळं लिहिलंय तिथे पाकिटाचं ऐकायचं.

धूरकट

तापमानाचा विषय निघालाच आहे तर माझी कबुली.

डबल बॉयलर लावायचा कंटाळा म्हणून मेणाचं पातेलं थेट गॅसवर ठेवलं होतं. फोन आला. 'दोन मिनिटं' बोलले. परत आले तर ओट्यावर निळसर धूर, आणि डोळ्यांत पाणी. ज्वाळा नव्हती, पण आणखी थोडा वेळ गेला असता तर झालीच असती. हातात पाण्याचा तांब्या होता, तो ओतणारच होते. भाऊ मागून ओरडला म्हणून थांबले. गॅस बंद केला, वर ताट झाकलं आणि तासभर हात लावला नाही.

नंतर वाचलं तेव्हा पाय लटपटले. पेटलेल्या मेणावर पाणी टाकलं की ते मेणाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि जळतं मेण चहूकडे उडवतं. झाकण घालून हवा तोडायची, हाच उपाय.

तेव्हापासून खाली पाण्याचं पातेलं, त्यात मेणाचं भांडं. उघड्या पातेल्यातलं पाणी १००च्या वर जात नाही, त्यामुळे मेणही जात नाही. पॅराफिन मेणाची वाफ पेटायला २००च्या आसपास तापमान लागतं, म्हणजे मधे भरपूर अंतर राहतं. फक्त खालचं पाणी आटू द्यायचं नाही. फोन दुसऱ्या खोलीत.

कापूसवात

धूरकट, हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर डकवून ठेवायला हवा.

नवशिक्या_२

एक बाळबोध प्रश्न. घरात परफ्यूमच्या अर्धवट बाटल्या पडल्यात. त्या मेणात रिकाम्या केल्या तर? गुलाबपाणीही आहे.

वितळलेली

मी केलंय, म्हणून हक्काने सांगते : नको. अंगावर मारायच्या परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल असतं. गरम मेणात पडताच ते फसफसतं आणि उडून जातं, जाताना वासही घेऊन जातं. गॅस जवळ असेल तर पेटतं, ते वेगळंच. गुलाबपाण्यात पाणीच. ते मेणात मिसळत नाही, तळाशी मण्यांसारखं बसतं, आणि ज्योत तिथवर पोचली की चटचट उडतं. माझ्या टेबलावर अजून ठिपके आहेत.

मेणासाठी म्हणून मिळणारं तेलच घ्या. आणि रंगासाठी मुलांचे खडू वितळवू नका. त्यातली रंगाची भुकटी विरघळत नाही, वातीत जाऊन अडकते. मेणाचे रंग वेगळे मिळतात, चिमूटभर पुरतात.

उनाडपाखरू

बरं, वातीचा मुद्दा मान्य. पण हे सोया-बिया सोडा, पॅराफिन घ्या. वास दणकून येतो. सोयावाले नुसते 'नैसर्गिक' म्हणून मिरवतात.

निळाई

पॅराफिन पेट्रोलियममधून निघतं. त्याचा धूर घरात कशाला घ्यायचा? सोया स्वच्छ जळतं, काजळी धरत नाही.

अर्धवट_रसायनी

दोघांनाही अर्धे मार्क.

पॅराफिनमध्ये बऱ्याचदा वास लवकर आणि जोरात पसरतो, हे खरं. निवताना ते आकसतंही जास्त, त्यामुळे वातीभोवती खळगा पडतो. सळईने दोन-तीन भोकं पाडून थोडं मेण पुन्हा ओतावं लागतं, म्हणून ओतण्यापूर्वी वाटीभर मागे ठेवायचं.

सोया मेण म्हणजे सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेली चरबी. तीही कारखान्यातच होते, शेंगेत मेण नसतं. काजळीचं म्हणाल तर वात लांब किंवा जाड असली, की सोयाही काळं करतं, मधमाश्यांचं मेणही करतं. ज्योतीला जेवढी हवा मिळते त्यापेक्षा जास्त मेण वर चढलं की उरलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. वात ६ मिमी कापलेली, खोलीत वारा नाही, ज्योत स्थिर, मग कुठलंही मेण शहाण्यासारखं जळतं.

वातीच्या बाबतीत मात्र एक जुनी भीती खरी होती. पूर्वी वात ताठ राहावी म्हणून काही ठिकाणी आत शिशाची तार घालत. अमेरिकेने अशा वातींवर २००३ साली बंदी आणली.

निळाई

शेंगेत मेण नसतं :D मानलं. पण मला वास मंदच आवडतो, मी सोयावरच राहणार.

मांजरवेडी

कुणीच काढलं नाही म्हणून विचारते. घरात दोन मांजरं आहेत. इसेन्शियल ऑइल (झाडापानांतून काढलेलं सुगंधी तेल) घातलेल्या मेणबत्त्या लावू का? नैसर्गिक असतात ना त्या?

वितळलेली

'नैसर्गिक' या शब्दावर मांजरांच्या बाबतीत अजिबात विसंबू नको. काही रसायनं शरीराबाहेर टाकायची जी सोय आपल्या यकृतात असते, ती मांजरांच्या यकृतात फार तुटपुंजी असते. टी ट्री तेल तर त्यांना विषारीच. पक्षी पाळले असतील तर तेही धुराला आणि वासाला नाजूक. मी बहिणीकडे जाताना (तिच्याकडे मांजर आहे) बिनवासाची नेते. लावायचीच असेल तर मांजर नसलेल्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, आणि आधी पशुवैद्याला विचारून.

इसेन्शियल ऑइलचं आणखी एक. लिंबू-संत्र्याच्या जातीची तेलं फार चंचल असतात. महागडं संत्र्याचं तेल घातलं होतं, पेटवल्यावर त्याचा मागमूस नाही. लॅव्हेंडर, देवदार, पचौली त्या मानाने टिकतात.

खुडबुडी

मंडळी, मी आले परत. तीन आठवडे गायब होते कारण काकांचा गृहपाठ करत होते.

आधी त्या २४ ग्रॅमवालीचं सांगते. फेकवेना. ग्लास कोमट पाण्यात ठेवून मेण सोडवलं, वात ओढून काढली, मेण वितळवलं. त्यात १०० ग्रॅम बिनवासाचं मेण घातलं. ३०० ग्रॅम मेणाला २४ ग्रॅम तेल, म्हणजे बरोब्बर ८ टक्के. थेंब बंद.

त्याच मेणाच्या दोन लहान केल्या, दोन्हींचा ग्लास सारखा, ५ सेमीचा. एकीत जुनी बारीक वात, एकीत एक आकार वरची. मोठ्या ७.५च्या ग्लाससाठी नव्याने प्रत्येकी २०० ग्रॅम मेण आणि १६ ग्रॅम तेल घेऊन दोन केल्या : एकात एक आकार वरची, एकात दोन आकार वरची. चारही दोन आठवडे झाकून ठेवल्या, कारण सोया मेण मुरायला वेळ लागतो असं वाचलं होतं. रोज झाकण उघडून हुंगायची, तो भाग सोडा.

मग वही घेऊन बसले. दर तासाला पट्टी.

मोठी, दोन आकार वरची वात : दीड तासात तळं काचेला टेकलं. मी नाचायच्या बेतात. तिसऱ्या तासाला ज्योत दोन पेरांएवढी उंच, लवलवणारी, वातीच्या टोकाला काळी अळंबी उगवलेली आणि ग्लासच्या काठाला काजळी. ग्लास इतका तापला की हात लावला आणि चटकन मागे घेतला. विझवली.

मोठी, एक आकार वरची : तीन तासांनी ७ सेमी. कडेला अर्ध्या सेंटीमीटरहून कमी, पातळ रिंगण राहिलं. ज्योत शांत. मला वाटलं हीही नापास.

लहान ग्लासातली बारीक वात : अडीच तासांत पूर्ण तळं, सुंदर. म्हणजे बिचारी वात वाईट नव्हतीच, मी तिला मोठ्या घरात नांदायला पाठवलं होतं. लहान ग्लासातली जाड वात धुरकट.

आता मोठ्यातली ती ७ सेमीवाली पास की नापास?

कापूसवात

पास, आणि चांगल्या मार्कांनी. पहिल्याच दिवशी झटकन काचेला टेकणारी वात पुढे जाऊन त्रास देते. मेण खाली उतरत जातं तशी ज्योत ग्लासच्या आत शिरते, भोवतीची काच तापून उष्णता कोंडते आणि तळं आपोआप रुंद होतं. वर राहिलेलं ते रिंगण खालच्या भागात पोचलीस की वितळून येईल. म्हणून चाचणी वरच्या पेरभर मेणावर संपवायची नाही, तळापर्यंत जाळून बघायची. एका वेळी चार तास, मग विझवून पूर्ण निवू द्यायची, वात कापायची, पुन्हा. आणि तळाशी सव्वा सेंटीमीटर मेण उरलं की थांबायचं. त्याखाली गेलीस तर ज्योतीची सगळी आग काचेच्या बुडावर, काच तडकते.

दोन आकार वरची कचऱ्यात. ती काजळी उगाच नाही दिसली.

अर्धवट_रसायनी

अळंबीवरून आठवलं. आपण वात कापायचा कंटाळा करतो, पण पूर्वी वात जळता जळता सारखी कापावी लागे, नाहीतर काळं टोक वाढत जाई. मग १८२५ साली कांबासेरेस या फ्रेंच माणसाने वेणी घातलेली वात काढली. वेणीमुळे वात जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येतं, तिथे हवा मिळते आणि टोक जळून राख होतं. खुडबुडी, तुझ्या शांत ज्योतीकडे नीट बघ, वात वाकलेली दिसेल.

खुडबुडी

दिसली! उजवीकडे वाकलीय आणि टोक लालबुंद ठिणगीसारखं. मी तिला सरळ करायला चिमटा घेऊन बसले होते.

वितळलेली

पण मुख्य राहिलंच की. वास आला का??

खुडबुडी

हां, तेच. दोन तास बसले होते वही घेऊन. मला काही येईना. आता रडायचीच बाकी होते. तेवढ्यात भाऊ बाहेरून आला, चपला काढता काढता म्हणाला, "कोणती साबणाची बाटली फोडलीस?"

अर्धवट_रसायनी

नाक सरावतं गं. एकच वास सतत घेतला की थोड्या वेळाने मेंदू तो मोजणं सोडून देतो. त्यात तू दोन आठवडे रोज हुंगत होतीस. तपासायचं असेल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं बाहेर जाऊन ये, नाहीतर भावाला कामाला लाव.

उनाडपाखरू

म्हणजे १५ टक्के नकोच होतं तर. नवं नाव सुचवा कुणीतरी.

धूरकट

'ओसंडतंतेल'.

खुडबुडी

:D :D काका, शेवटचं. घरात १० सेमी रुंदीचा एक छान ग्लास आहे. त्याला अजून जाड वात घ्यायची का?

कापूसवात

नको. एक जाड वात मधोमध भडकेल आणि कडा तरीही थंड राहतील. दोन बारीक वाती लाव, एकमेकींपासून आणि काचेपासून सारखं अंतर राहील अशा. ५ सेमीच्या ग्लासात जी बारीक वात पास झाली, तिचीच जोडी घेऊन सुरुवात कर. दोन ज्योती एकमेकींना तापवतात, त्यामुळे तळं जलद पसरेल. पहिल्यांदा पेटवशील तेव्हा समोर बसून राहा. पट्टी आहेच.